लस दिली, पण लिहिली का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्याच एका सभासद, निवृत्त आरोग्यसेविका यांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



पंधरा दिवसांपूर्वी सचिवसाहेब घरी आले आणि म्हणाले, "सिस्टर, कार्यक्रमात तुम्ही आरोग्यावर दहा मिनिटं बोला." मी आधी नाहीच म्हटलं. शुगर, बीपी, सकाळचं फिरणं हे सगळं तुम्हाला मोबाईलवर रोज येतं, पहाटे पाचपासून येतं. त्यात मी आणखी काय सांगणार? मग विचार केला, ज्यातलं मला नीट कळतं आणि ज्यात माझ्या हातून एक चूकही झाली आहे, त्यावर बोलावं. विषय आहे वृद्धाश्रमातल्या माणसांना लस देणं आणि दिलेली लस लिहून ठेवणं. आनंदाच्या कार्यक्रमात वृद्धाश्रम कुठून आला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. थोडं ऐकून घ्या.

आपण इथे राहायला आलो तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन वर्षच झालं होतं. 1 मे 1999 ला परभणीतून आपण वेगळे झालो आणि पुढच्या वर्षी ही सोसायटी उभी राहिली. बहुतेक घरं धरणावर, कालव्यावर नोकरी केलेल्यांची. आमचे हेही पाटबंधारे खात्यातलेच. तेव्हा संध्याकाळी गल्लीतून चालायचं म्हणजे लेकरांच्या सायकली चुकवत चालावं लागायचं. येलदरीचं पाणी सोडलं की सगळी पोरं सिद्धेश्वरच्या भिंतीकडे पळायची आणि आपण मागून ओरडत. आज ती पोरं समोर बसलीत, त्यांना चष्मे लागलेत. आणि गल्लीत संध्याकाळी काठ्यांचा आवाज येतो. मागच्या वार्षिक सभेत कोणीतरी घरं मोजली, किती घरांत फक्त दोघं किंवा एकटंच माणूस राहतं ते. निम्म्याहून जास्त निघाली. एक काका म्हणाले, "आता फाटकावर वृद्धाश्रमाची पाटीच तेवढी लावायची राहिली." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण वृद्धाश्रमात निदान एक रजिस्टर तरी असतं. आपल्याकडे तेही नाही.

माझी सगळी नोकरी लस टोचण्यात गेली. उपकेंद्र, अंगणवाडी, कधी बाभळीच्या झाडाखाली खाट टाकून. लेकरांना आणि गरोदर बायकांना. डिसेंबर 1995 ला देशभर पल्स पोलिओ सुरू झाला, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत एकही फेरी मी चुकवली नाही. डोस पाजला की लेकराच्या डाव्या करंगळीला शाई लावायची. घरातली सगळी लेकरं झाली असतील तर दारावर खडूने इंग्रजी पी, एखादं राहिलं असेल किंवा घरच्यांनी नाही म्हटलं असेल तर फुली. दुपारनंतर पुन्हा फक्त फुलीच्या घरी जायचं. फुली म्हणजे 'हे घर गेलं' असं नाही, फुली म्हणजे 'इथे परत यायचंय'. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यात त्या फुल्यांचा वाटा किती मोठा आहे ते आम्हा बायांना विचारा.

पण लेकरांच्या बाबतीत एक सोय असते. कार्ड असतं, आई असते, आणि आईला तारीख पाठ असते. म्हाताऱ्या माणसाचं तसं नसतं. ऐंशी वर्षांच्या माणसाला 'तुम्ही लहानपणी धनुर्वाताची लस घेतली का' असं विचारून बघा. सगळ्या लेकरांना लस द्यायचा सरकारी कार्यक्रम 1978 ला सुरू झाला आणि 1985 नंतर जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. आपण सगळे त्याच्या आधीचे. आपल्यातल्या अनेकांच्या अंगावर फक्त देवीच्या लशीचा वण आहे, तोच आपला दाखला.

निवृत्तीनंतर मी आपल्या जिल्ह्यातल्या एका लहानशा वृद्धाश्रमात आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत आणि जी चूक मी सांगणार आहे त्यात माझाही वाटा आहे. तीसेक माणसं तिथे. बीपी बघायचं, पायाच्या जखमा धुवायच्या, कोणाच्या गोळ्या संपल्या ते सांगायचं. जास्त वेळ बोलण्यातच जायचा, आणि तेच त्यांना हवं असायचं.

मग आलं 2021. जानेवारीत आम्हा आरोग्यवाल्यांना लस सुरू झाली आणि 1 मार्चपासून साठीच्या पुढच्यांना. तुम्हाला आठवत असेल, आधी ॲपवर नाव, मग ओटीपी, मग केंद्रावर रांग. आधार, मतदान कार्ड, पॅन, पासपोर्ट, काहीतरी फोटोचं ओळखपत्र पाहिजे. एका मोबाईल नंबरवर चारच माणसांची नोंद. घरातल्या माणसांसाठी हे बरोबरच होतं. पण वृद्धाश्रमात मोबाईल असतो कुणाकडे? आणि आधार?

आमच्याकडे सात जणांकडे कसलाच कागद नव्हता. एक माय होती, तिला रेल्वे स्टेशनवरून कोणीतरी आणून सोडलं होतं. ती गावाचं नाव सांगायची ते तेलंगणात कुठंतरी असावं. एका काकांचं आधार मुलाकडे होतं आणि मुलगा फोन उचलत नव्हता. एका आजीकडे आधार होतं, पण बोटांच्या रेषाच राहिल्या नव्हत्या, आयुष्यभर हळद खुडून, भांडी घासून. मशीन तिचं बोटच ओळखेना. ती म्हणाली, "बाई, माझं बोट मीच वळखते, मशिनीला काय करायचं?"

मार्च-एप्रिलमध्ये कागद असलेल्यांना आम्ही टप्प्याटप्प्याने नेलं. कागद नसलेले सात जण मागे राहिले. आणि नेमकी तेव्हाच दुसरी लाट आली. ते दिवस मी पुन्हा सांगत बसत नाही, आपल्या सोसायटीनेही त्यात चार माणसं गमावली आहेत.

मे महिन्यात केंद्र सरकारची एक कार्यपद्धती आली. ओळखपत्र नसलेल्यांना लस कशी द्यायची ती. त्यात भटके, तुरुंगातले कैदी, मनोरुग्णालयातले रुग्ण, रस्त्यावरचे भिक्षेकरी आणि वृद्धाश्रमातले लोक यांची नावं स्पष्ट लिहिली होती. अशा माणसांसाठी एक सहायक ठरवायचा, त्याचं ओळखपत्र आणि मोबाईल चालेल. लस घेणाऱ्याचं फक्त नाव, जन्माचं वर्ष आणि स्त्री की पुरुष, एवढं पुरे. आणि प्रमाणपत्र तिथल्या तिथे हातात द्यायचं. महिनाअखेरीस, 27 मेला, आणखी एक सूचना आली. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना दवाखान्यात बोलावू नका, लस त्यांच्या जवळ न्या. समाजमंदिर, शाळा, पंचायतीची इमारत, वृद्धाश्रम आणि अहो, हाऊसिंग सोसायटीचं ऑफिससुद्धा त्यात होतं. मुंबईत तर खाटेवरच्या रुग्णांना घरी जाऊन लस द्यावी म्हणून दोन वकिलांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. महिनोन्महिने सुनावण्या झाल्या आणि जुलैअखेरीस अंधेरीच्या भागात घरोघरी लस सुरू झाली.

आमच्याकडे पथक आलं जूनमध्ये. एका कुपीत दहा डोस, कुपी उघडली की चार तासांत संपवायची. त्यामुळे दहाच्या पटीत माणसं पाहिजेत, नाहीतर लस वाया. सात आमचे आणि तीन स्वयंपाकाच्या बाया, असे दहा जमवले. तेलंगणाच्या मायचं जन्मवर्ष काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी तिलाच विचारलं, की रझाकाराच्या वेळी तू केवढी होतीस? तिने हाताने उंची दाखवली, साधारण कमरेएवढी. त्यावरून 1942 लिहिलं. त्या कागदावर तिचं नाव छापून आलं तेव्हा तिने तो कागद कपाळाला लावला. त्याआधी तिच्या नावाचा कुठलाच कागद नव्हता.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता विचारण्याबद्दल सांगते.

त्या दिवशी एका आजीने मान हलवून 'नाही' म्हटलं. मी वहीत 'नकार' लिहिलं आणि पुढच्या माणसाकडे गेले. पथकाला परत जायचं होतं, मलाही घाई. दोन दिवसांनी तिच्या पायाची जखम धूत होते, तेव्हा ती म्हणाली, "त्या दिवशी सगळ्याइला काय वाटत होते? मला काहून नाही दिलं?" तिला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही, आणि मी डाव्या बाजूला उभी राहून विचारलं होतं. तोंडावर मास्क, म्हणजे ओठही दिसत नाहीत. तिने मान हलवली ती 'ऐकू येत नाही' म्हणून. आणि मी वीस वर्षं फुलीच्या घरी दुपारी परत जाणारी बाई, मी 'नकार' लिहून मोकळी झाले होते. पुढच्या फेरीत तिला लस मिळाली. पण मध्ये पाच आठवडे गेले.

उलटही झालं. एका गुरुजींचा मुलगा पुण्यात. तो फोनवर म्हणाला, बाबांना देऊ नका, त्यांना हार्टचा त्रास आहे. आम्ही फोन ठेवला आणि गुरुजींना सांगितलं. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, रोज पेपर वाचणारे. म्हणाले, "सुई माझ्या दंडात जाणार, त्याच्या नाही. डॉक्टर काय म्हणतात ते सांगा." डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हार्टवाल्यांनी तर आधी घ्यावी. गुरुजींनी घेतली आणि मुलाला स्वतः फोन करून सांगितलं. लेकरांनो, तुम्ही पैसे भरता, काळजी करता, सगळं मान्य. पण ज्याचं भान शाबूत आहे त्याला विचारायचं त्यालाच. तुम्हाला कळवायचं, तुमची परवानगी मागायची नाही. ज्याला खरंच समजत नाही, त्याच्याबद्दल घरच्यांना विचारावं. हे मी तेव्हा शिकले आणि अजूनही त्यावरून काही घरच्यांशी वाद होतात.

आता माझी चूक.

मार्च-एप्रिलमध्ये कागद असलेल्या माणसांची नोंद केली, ती कोणाच्या मोबाईलवर? आश्रमाच्या व्यवस्थापकांच्या. त्यांच्याकडे दोन नंबर, एक भावाचा, असं जुळवून सगळ्यांची नावं बसवली. तेव्हा ती मोठीच सोय वाटली. प्रमाणपत्रं त्यांच्या फोनमध्ये. दुसऱ्या डोसचा निरोप त्यांच्या फोनवर. 13 मेला कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर बदललं, बारा ते सोळा आठवडे झालं. म्हणजे एप्रिलला घेतलेल्यांचा दुसरा डोस गेला जुलै-ऑगस्टवर. आणि जूनअखेर ते व्यवस्थापक नोकरी सोडून गेले. भांडून नाही, दुसरीकडे बरा पगार मिळाला म्हणून. त्यांच्याबरोबर त्यांचा फोन गेला, फोनमध्ये तीस माणसांच्या लशीचा हिशेब.

माझ्याकडे वही होती. शंभर पानी, वरती हळदी-कुंकवाचं बोट लावलेलं, आपण लावतो तसं. त्यात नावं आणि नावापुढे टिक. लस कोणती, तारीख कोणती, पहिला की दुसरा, काही नाही. पहिल्या डोसला निळ्या पेनाने टिक आणि दुसऱ्याला लाल पेनाने, असं मी मनात ठरवलं होतं. लाल पेन हरवलं.

नवीन व्यवस्थापक आले. त्यांनी विचारलं, सगळ्यांचे झालेत ना? मी वही बघून म्हटलं, झालेत. ज्यांना आठवत होतं त्यांनी स्वतः सांगून दुसरा डोस घेतला. एक काका होते, कालव्यावर चौकीदार होते पूर्वी, आपल्यातले जुने लोक त्यांना ओळखतीलही, म्हणून जास्त सांगत नाही. त्यांना विसरायला व्हायचं. त्यांच्या नावापुढे टिक होती. जानेवारी 2022 ला तिसरी लाट आली. बहुतेकांना सर्दी-तापावर निभावलं. काकांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, डोस किती झाले, शेवटचा कधी? मी वही उघडली. डॉक्टरांनी टिक बघितली आणि माझ्याकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत.

मग जुन्या व्यवस्थापकांना शोधलं, त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच फोनवरून पाठवलं. एकच डोस होता. 12 एप्रिल 2021. सहा दिवसांनी काका गेले.

दुसरा डोस असता तर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. कोणीच म्हणू शकत नाही. वय होतं, फुप्फुसं आधीच विडीने गेलेली. पण त्यांनी दुसरा डोस नाकारला नव्हता. त्यांना कोणी विचारलंच नाही, कारण माझ्या वहीत टिक होती. हे मी इथे पहिल्यांदा बोलतेय.

(थोडं पाणी द्या.)

त्यानंतर मी नवं रजिस्टर केलं. मोठं, आडवं, दुकानदार खातं लिहितात तसलं. प्रत्येक माणसाला एक पान. लशीचं नाव पूर्ण, कंपनीसकट. कुपीवरचा बॅच नंबर. तारीख, कुठल्या दंडात दिली, कोणी दिली, त्याची सही. अर्धा तास बसवून ठेवलं तेव्हा काही त्रास झाला का. पुढची कधी. आणि लस दिली नाही तर का नाही दिली. यात तीन गोष्टी वेगळ्या लिहायच्या: डॉक्टरांनी नको सांगितली, माणसाने स्वतः नको म्हटलं, की आम्हीच पोचलो नाही. तिन्हीला आधी आम्ही एकच रेघ मारायचो. आणि स्वतः नको म्हटलं असेल तर कोणत्या भाषेत विचारलं, कोणत्या कानाशी विचारलं, परत कधी विचारायचं. हो, कान लिहिते मी. हसा, पण लिहिते.

नंतर कळलं की हे माझं काही नवीन नाही. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमना 2005 पासून नियमच आहे. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस प्रत्येक रहिवाशाला देऊ करायची, आधी फायदे-तोटे समजावून सांगायचे, आणि घेतली, नाकारली की वैद्यकीय कारणाने दिली नाही ते त्याच्या कागदांत लिहायचं. 2021 मध्ये त्यात कोविडची भर पडली. बळजबरी नाही, विचारण्याची सक्ती आहे. आपल्याकडे 2007 चा आई-वडिलांच्या देखभालीचा कायदा आहे, त्यात दर जिल्ह्याला निदान एक, दीडशे माणसांचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. पण तिथल्या माणसाला लस विचारायची आणि लिहायची सवय आपली आपणच लावायची आहे.

बॅच नंबर कशाला, असं मला आश्रमातल्या मुलीने विचारलं होतं. तिला मी जी गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगते, कारण ती आपल्या मुंबईची आहे. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. डॉ. हाफकिन हे रशियातून आलेले शास्त्रज्ञ. 1896 ला मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दोन-चार महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मलकोवाल गावात त्या लशीने 19 माणसं धनुर्वाताने दगावली. हाहाकार झाला. हाफकिनना कामावरून बाजूला केलं, प्रयोगशाळेवर ठपका आला. पण नोंद होती. त्या दिवशी गावात 107 जणांना लस दिली होती, आणि दगावलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतून लस घेतलेले. 53 एन नंबरची बाटली. बाकीच्या बाटल्यांतून घेतलेले ठणठणीत. मग कळलं की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. हाफकिन निर्दोष ठरायला 1907 उजाडलं, पण त्या नंबरामुळेच ठरले. नंबर लिहिला नसता तर लोक म्हणाले असते, लसच वाईट. आणि मग कोणीच घेतली नसती.

दुसरी गोष्ट ताजी आहे आणि ती थेट सोसायटीचीच आहे. 30 मे 2021, मुंबईत कांदिवलीचं एक मोठं गृहसंकुल. सुमारे 390 लोकांनी सोसायटीतल्या शिबिरात पैसे भरून लस घेतली. कोणाला ताप नाही, दंड दुखला नाही. लोकांना आधी बरंच वाटलं. मग प्रमाणपत्रं आली ती वेगवेगळ्या दवाखान्यांच्या नावाने, तारखाही भलत्याच. शिबिर बनावट होतं. आणि ते उघडकीला कसं आलं? रहिवाशांनी कागद नीट वाचला म्हणून. आपल्याकडे उद्या कोणी फ्लूच्या लशीचं शिबिर घ्यायला आलं, तर लस कुठून आणली, थंड पेटीत आहे का, बॅच नंबर काय, आणि बिलावर कोणाचं नाव, हे विचारायला लाजू नका. खरा डॉक्टर रागावणार नाही.

आता आपल्या कामाचं. लेकरांची लस सरकार फुकट देतं, ऑनलाइन नोंदही ठेवतं. आपल्या वयाच्या माणसांचं तसं नाही. सत्तरीच्या पुढच्यांचं पाच लाखांचं वय वंदना कार्ड आपण गेल्या वर्षी मोठ्या उत्साहाने काढलं, लॅमिनेशनही केलं. चांगलंच आहे, पण त्यावर लस लिहिलेली नसते.

फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो आणि लसही बदलते. महाराष्ट्रात पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून पाऊस पडायच्या आधी घेतलेली बरी. पहिल्या पावसात आपण भजी तळायला घेतो, त्याच्या महिनाभर आधी. न्यूमोनियाच्या लशीचे प्रकार आहेत. कोणती घेतली यावर पुढची लागते की नाही आणि कधी, ते ठरतं. म्हणून 'न्यूमोनियाची घेतली' एवढं सांगून भागत नाही, नाव पाहिजे. डबी फेकू नका, निदान तिचा फोटो काढा. नागिणीचीही लस आता मिळते, महाग आहे, डॉक्टरांशी बोला. आणि धनुर्वात. बागेत पाय घसरला, खिळा लागला, की आपण धावतो इंजेक्शनला. मागचं कधी घेतलं ते आठवत नाही, म्हणून दर वेळी नवीन. काही जणांना तीन वर्षांत चार झालेत, मला माहीत आहे कोण ते. आणि काही जणांना सुरुवातीचे तीन डोस एकदाही पूर्ण झालेले नाहीत. आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पही येतो, आणि पूर्ण झालेलं असेल तर साधारण दहा वर्षांनी एक पुरतं. कोणती घ्यावी, कोणती नको, हे मी इथून सांगणार नाही. ज्याला रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आहेत, ज्याचं किडनीचं किंवा कॅन्सरचं औषध चालू आहे, त्याने आधी डॉक्टरांना दाखवायचं.

बाहेरगावच्या लेकरांना एक सांगते. आई-बाबांच्या लशीचा कागद तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये आहे, हे मला माहीत आहे. पण रात्री दोन वाजता इथे ॲम्ब्युलन्स येईल तेव्हा तुम्ही पुण्यात झोपलेले असाल. त्याची एक प्रत इथल्या कपाटात ठेवा, औषधांच्या डब्याजवळ. आणि आज निघायच्या आधी आईच्या कानाशी बसून विचारा, कधी घेतली, कोणती घेतली. ज्या कानाने ऐकू येतं त्या कानाशी.

मी सोसायटीसाठी एक रजिस्टर आणलंय. आश्रमातल्यासारखंच, आडवं. कार्यकारिणीने परवानगी दिली आहे. ते ऑफिसच्या कपाटात कुलपात राहील, कारण आजारपण ही चव्हाट्यावर मांडायची गोष्ट नाही. किल्ली सचिवांकडे आणि एक माझ्याकडे. माझ्यानंतर कोणाकडे, ते आजच ठरवा, मीही सत्तरीची झालेय. ज्यांना आपलं पान नको असेल त्यांनी तसं सांगायचं, मी कारणही विचारणार नाही, फक्त वर्षाने एकदा परत विचारीन. पहिल्या पानावर मी माझंच लिहिलंय, बॅच नंबरसकट. दुसरं पान आमच्या ह्यांचं, त्यांची टीडीची तारीख सापडत नाहीये, त्यांनी अजून शोधलेली नाही.

रजिस्टर तिकडे चहाच्या टेबलाशेजारी आहे. पेन दोरीने बांधलंय, निळंच आहे. चहा घेतला की येऊन नाव सांगा. चष्मा घरी राहिला असेल तर मी लिहून देते.